उजव्या कडेचा कर्णधार : किशनलाल

अंधेरी, मालाड किंवा बोरिवली येथून चर्चगेटपर्यंत आगगाडीने कधीच गेला नाही असा विद्यार्थी आमच्या वाचकांत क्वचितच आढळेल. घाटकोपर-मुलुंडकडील मंडळींचा रोजचा मार्ग निराळा असला, तरी त्यांनाही ही वाट अपरिचित नाही. आज आपण जिला पश्चिम रेल्वे म्हणतो, तिचे जुने नाव बी. बी. अँड सी. आय., म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, असे होते. वडीलधारी मंडळी पुष्कळ वर्षे तिला याच लांबलचक नावाने ओळखीत. ५ जानेवारी १९२८ रोजी या रेल्वेच्या कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या, आणि त्याच वर्षी मे महिन्यात हिंदुस्थानच्या हॉकी संघाने आम्स्टरडॅम येथे ऑलिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळविले. या दोन घटनांचा परस्परांशी तसा काही संबंध नाही. परंतु पुढे वीस वर्षांनी याच रेल्वेचा एक नोकर स्वतंत्र हिंदुस्थानच्या हॉकी संघाचा कर्णधार होऊन लंडनला गेला आणि सुवर्णपदक घेऊन परत आला. त्या थोर खेळाडूचे, श्री. किशनलाल यांचे, चरित्र आम्ही यंदा आमच्या वाचकांस सादर करीत आहोत.

ध्यानचंद हे नाव ठाऊक नसलेला मुलगा आमच्या शाळेत सापडावयाचा नाही. बलबीरसिंग यांचेही नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु १९४८ साली कर्णधार कोण होता, असे विचारले असता मुलेच नव्हेत तर मोठी माणसेही विचारात पडतात, हा आमचा अनुभव आहे. त्या विजयाच्या आधाराने २०१८ साली एक हिंदी बोलपट निघाला व तो पुष्कळांनी पाहिला. परंतु त्यातील पात्रांची नावे कल्पित असल्यामुळे खऱ्या कर्णधाराचे नाव त्यातूनही लोकांपुढे आले नाही. असे का व्हावे, याचा विचार करू लागले म्हणजे किशनलाल मैदानावर कोणत्या जागी खेळत असत, तिकडे लक्ष जाते. त्या जागेचे वर्णन आम्ही पुढे करूच. प्रथम त्यांच्या बालपणाकडे वळू.

किशनलाल यांचा जन्म २ फेब्रुवारी १९१७ रोजी महू येथे झाला. माळव्यातील इंदूर शहराजवळचे हे लष्करी छावणीचे गाव. महाराष्ट्रातील वाचकांस ते आणखी एका कारणाने परिचित आहे, ते असे की, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्मही १८९१ साली येथेच झाला. आता तर त्या गावास त्यांचेच नाव देण्यात आले आहे. महूवरून जाणारी लहान रुळांची आगगाडी त्या काळी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्याच ताब्यात होती. म्हणजे ज्या रेल्वेने पुढे किशनलाल यांस पोटास दिले, तिच्या शिट्ट्या त्यांच्या कानांवर बालपणापासून पडतच असल्या पाहिजेत.

छावणीचे गाव म्हटले की तेथे कवायत आली, बँड आला आणि खेळही आले. पलटणीतील गोरे अधिकारी पोलो खेळत, शिपाई हॉकी व फुटबॉल खेळत. बाल किशनलाल यांस प्रथम ओढ लागली ती पोलोची. परंतु पोलो हा घोड्यांवरून खेळावयाचा खेळ. त्यास घोडे हवेत, मोतद्दार हवेत व खर्चास पैसा हवा. हॉकीस एक काठी आणि मोकळे मैदान एवढे पुरते. वयाच्या सुमारे चौदाव्या वर्षी किशनलाल यांनी हॉकीची काठी हाती घेतली, आणि सोळाव्या वर्षी तर ते महू हीरोज या स्थानिक संघातून खेळूही लागले. पुढे ओरछा संस्थानातील टिकमगढच्या भगवंत क्लबाकडूनही ते खेळले. त्या काळी संस्थानिकांच्या आश्रयाने चालणारे असे संघ ठिकठिकाणी होते, व लहान गावातील गुणी मुलास पुढे येण्याचा तोच एक राजरस्ता होता.

आता त्यांच्या जागेविषयी. आजची मुले ज्या पद्धतीने हॉकी खेळतात, तीहून त्या वेळची मांडणी निराळी असे. गोलरक्षकाच्या पुढे दोन बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफ आणि सर्वांत पुढे पाच फॉरवर्ड. या पाचांपैकी मधला तो सेंटर फॉरवर्ड, त्याच्या दोन्ही अंगांचे ते इन, आणि अगदी दोन्ही कडांना उभे राहणारे ते आउट. किशनलाल हे राइट आउट होते; म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने, बाजूच्या रेषेस जवळजवळ चिकटून, त्यांस धावावे लागे.

हॉकीत गोल करावयाचा तर चेंडूस गोलासमोरील अर्धवर्तुळाच्या आतूनच टोला मारावा लागतो. बाहेरून कितीही जोराचा फटका मारला तरी तो गोल धरीत नाहीत. त्यामुळे कडेने धावणाऱ्या खेळाडूस स्वतः गोल करण्याची संधी सहसा थोडीच मिळते. त्याचे काम वेगळे आहे. त्याने चेंडू घेऊन वाऱ्यासारखे धावत सुटावे, प्रतिपक्षाच्या हाफास व बॅकास आपल्या मागे कडेपर्यंत ओढून न्यावे, आणि त्यायोगे मध्यभागी जी मोकळी जागा होईल तीत नेमक्या क्षणी चेंडू आपल्या जोडीदारास द्यावा. क्षणभर उशीर झाला तर चेंडू रेषेबाहेर जातो. क्षणभर घाई झाली तर जोडीदार अजून जागेवर पोहोचलेला नसतो. शिवाय हॉकीच्या काठीची एकच, सपाट, बाजू चेंडूस लावावयाची परवानगी असते. तेव्हा भर धावेत पायांची गती न मोडता, डोळा एकीकडे जोडीदारावर व एकीकडे चेंडूवर ठेवून तो आत देणे हे केवळ पायांच्या बळाचे काम नव्हे. त्यास डोके लागते आणि निःस्वार्थ मनही लागते. टाळ्या पडतात त्या गोल करणाऱ्यास. वर्तमानपत्रांत नाव छापून येते तेही त्याचेच. चेंडू कोणी दिला हे दुसऱ्या दिवशी कोणाच्या ध्यानातही राहत नाही. किशनलाल यांचे नाव मागे का पडले, याचे अर्धे उत्तर आम्हांस येथेच मिळते.

१९४१ साली किशनलाल बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या नोकरीत शिरले. पालकांनी या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. खेळाने पोट भरत नाही, ही तक्रार आजची नव्हे. हॉकीच्या खेळाडूस त्या काळी खेळाबद्दल वेतन मिळत नसे. परंतु रेल्वे, पोलीस, लष्कर, जकात खाते अशा मोठ्या संस्था चांगल्या खेळाडूंस नोकरी देत, सरावास सवड देत आणि सामन्यांस पाठवीत. पंजाब पोलिसांनी बलबीरसिंगांस जवळ केले. ध्यानचंद लष्करात होते. आणि किशनलाल यांस रेल्वेने आश्रय दिला. हिंदुस्थानच्या हॉकीची इमारत या नोकऱ्यांच्या पायावर उभी राहिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. महूसारख्या गावचा तरुण मुंबईच्या मैदानावर येऊन नाव कमावू शकला, तो केवळ नशिबाने नव्हे; त्याच्या गुणास अन्नाची जोड मिळाली म्हणून.

मुंबई हे त्या वेळी हॉकीचे मोठेच केंद्र होते. येथील आगाखान चषकाचे सामने गेल्या शतकाच्याही आधीपासून, म्हणजे १८९६ पासून, भरत आलेले. कलकत्त्याचा बेटन चषक त्याहून एका वर्षाने वडील. या सामन्यांस देशाच्या कानाकोपऱ्यातून संघ येत. मुंबईतील ख्रिस्ती समाजात तर हॉकीची आवड घरोघर होती. मिशनच्या शाळांच्या पटांगणांवर ती लहानपणीच रुजे. लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी व्हाझ, लॉरी फर्नांडिस, रेजिनाल्ड रॉड्रिग्ज हे मुंबईच्या मैदानांवर नाव मिळविलेले खेळाडू पुढे किशनलाल यांच्याबरोबर लंडनला गेले, हे आमच्या शाळेतील मुलांनी अभिमानपूर्वक ध्यानात ठेवावे.

परंतु किशनलाल यांच्या ऐन उमेदीच्या वर्षांवर काळाने मोठाच घाला घातला. हिंदुस्थानने १९२८, १९३२ व १९३६ अशी लागोपाठ तीन सुवर्णपदके मिळविली होती. चौथे ऑलिंपिक १९४० साली व पाचवे १९४४ साली व्हावयाचे. परंतु दुसऱ्या महायुद्धामुळे दोन्ही रद्द झाली. १९४० मध्ये किशनलाल तेवीस वर्षांचे होते, १९४४ मध्ये सत्तावीस वर्षांचे. कडेने धावणाऱ्या खेळाडूचे खरे धन म्हणजे त्याचा वेग, आणि तो वेग ज्या वयात सर्वांत अधिक असतो ती वर्षे अशी निघून गेली. कित्येक गुणी खेळाडू या बारा वर्षांत पिकून गळूनही गेले. त्यांची नावेही जगास कळली नाहीत. किशनलाल मात्र सराव न सोडता टिकून राहिले. ज्या सामन्याची तारीख ठरलेली नाही, जो कदाचित कधी होणारही नाही, त्यासाठी रोज मैदानावर जाणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परीक्षेची तारीख फळ्यावर लागल्यावाचून पुस्तक न उघडणाऱ्या आमच्या मित्रांनी याचा थोडा विचार करावा!

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याबरोबरच त्याची फाळणीही झाली. या दुःखद प्रकरणाचा विस्तार येथे करण्याचे प्रयोजन नाही. परंतु हॉकीवर त्याचा जो परिणाम झाला तो सांगणे अवश्य आहे. पंजाब प्रांत हे हॉकीचे माहेरघर; त्याचे दोन तुकडे झाले. लाहोरच्या मैदानावर एकत्र वाढलेले खेळाडू सरहद्दीच्या दोन बाजूंस विखुरले गेले. १९३६ साली बर्लिन येथे ध्यानचंदांच्या शेजारी हिंदुस्थानसाठी खेळलेले अली इक्तिदार शाह दारा हे १९४८ साली पाकिस्तानचे कर्णधार झाले. पुष्कळ जाणत्यांस वाटू लागले की, आता हिंदुस्थानच्या हॉकीचे वैभव संपले.

त्याच १९४७ सालच्या अखेरीस ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली एक हिंदी संघ पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला. ध्यानचंद यांनी तोपर्यंत चाळिशी ओलांडली होती, व त्यांच्या खेळाचा तो सायंकाळचा प्रकाश होता. त्या संघात किशनलाल होते. थोरल्या पिढीचा नायक आणि येणाऱ्या पिढीचा नायक असे दोघेही या दौऱ्यात एकाच आघाडीत खेळले. पुढील वर्षी लंडन ऑलिंपिकसाठी संघ निवडण्याची वेळ आली तेव्हा कर्णधारपदाची माळ किशनलाल यांच्या गळ्यात पडली. उपकर्णधार झाले ते कुंवर दिग्विजयसिंग, ज्यांस सारे जग बाबू या नावाने ओळखते. किशनलाल यांचे वय त्या वेळी एकतीस वर्षांचे होते, आणि बहुतेक सर्व संघ ऑलिंपिकला नवखा होता.

या संघाची घडण पाहिली असता मन हेलावते. त्यात पंजाबचे शीख होते, लाहोरहून घरदार सोडून आलेले केशव दत्त होते, मुंबईचे ख्रिस्ती होते, बंगालकडील अँग्लो-इंडियन होते, भोपाळचे मुसलमान होते. अख्तर हुसेन व लतीफुर रहमान हे भोपाळकडील दोन खेळाडू या संघात हिंदुस्थानसाठी खेळले आणि पुढील ऑलिंपिकांत पाकिस्तानसाठी. म्हणजे ज्या वर्षी देशात भाऊ भावास पारखा झाला होता, त्याच्या पुढच्याच वर्षी हे वीस जण एकाच निशाणाखाली एकत्र आले होते. अशा संघाच्या कर्णधाराचे काम मैदानावर आज्ञा सोडणे एवढेच असते काय? ज्याच्या मनाला फाळणीची जखम ताजी आहे, त्याने आपल्या शेजारच्या खेळाडूकडे विश्वासाने चेंडू द्यावा, हे त्यास घडवून आणावयाचे असते. जन्मभर दुसऱ्यास चेंडू देण्याचेच काम केलेला मनुष्य या पदास लाभला, ही आम्हांस मोठी योग्य गोष्ट वाटते.

लंडनचे सामने जुलैच्या अखेरीस सुरू झाले. याच पथकात आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीवीर खाशाबा जाधव होते. ते त्या वर्षी सहावे आले, व त्यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले, हे वाचकांस स्मरत असेलच. हॉकीत हिंदुस्थानने प्रथम ऑस्ट्रियावर आठ गोलांनी विजय मिळविला व एकही गोल होऊ दिला नाही. अर्जेंटिनाशी नऊ विरुद्ध एक अशी सरशी झाली. त्यांपैकी सहा गोल एकट्या बलबीरसिंगांचे. यानंतर गाठ पडली स्पेनशी. येथे मात्र धावसंख्या फुगली नाही; दोन विरुद्ध शून्य एवढ्यावरच समाधान मानावे लागले. उपान्त्य सामन्यात हॉलंडने तर कडवी झुंज दिली, व हिंदुस्थान दोन विरुद्ध एक असा जेमतेम पार पडला. लंडनमधील पाऊस, मऊ व चिखलट झालेली जमीन, आणि तीवर अडखळणारा चेंडू, यांनी आपल्या खेळाडूंची बरीच परीक्षा पाहिली. आपली हॉकी वाढली ती कोरड्या, टणक, उन्हाने भाजलेल्या मैदानावर. तेथे चेंडू पाण्यासारखा वाहतो. चिखलात तो चार पावलांवर रुतून बसतो.

दुसऱ्या उपान्त्य सामन्यात ब्रिटनने पाकिस्तानास हरविले, आणि अखेरचा सामना हिंदुस्थान व ब्रिटन यांच्यात ठरला. या सामन्याचे महत्त्व कळण्यास मागील हकीकत ध्यानात घ्यावयास हवी. आपल्या देशात हॉकी आणली ती इंग्रजांनी. परंतु १९२८, १९३२ व १९३६ या तिन्ही ऑलिंपिकांत ब्रिटनचा हॉकी संघ उतरलाच नव्हता. त्यामुळे गुरू व शिष्य यांची ऑलिंपिकमध्ये कधी गाठच पडली नव्हती. तीन पदके जिंकूनही, ज्याच्याकडून हा खेळ शिकलो त्याच्याशी सामना झालाच नाही, ही रुखरुख आपल्या लोकांस होती. आता ती गाठ पडावयाची होती, तीही त्यांच्याच राजधानीत, वेंब्लेच्या प्रचंड क्रीडांगणावर, आणि आपण स्वतंत्र झाल्यास वर्ष पुरे होण्याच्या आत.

दिवस उजाडला तो १२ ऑगस्ट १९४८ चा. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवसास तीन दिवस उरले होते. मैदान पावसाने भिजलेले होते. निसरड्या जमिनीवर पाय ठरेना म्हणून किशनलाल व बाबू यांनी बूट काढून टाकले व ते अनवाणी खेळले, असे जुने लोक सांगतात. पूर्वार्धातच बलबीरसिंगांनी दोन गोल केले. उत्तरार्धात त्रिलोचनसिंग व पॅट्रिक जान्सेन यांनी एकेक गोल केला. ब्रिटनला एकही गोल करता आला नाही. चार विरुद्ध शून्य! पाच सामन्यांत हिंदुस्थानने पंचवीस गोल केले आणि दोनच होऊ दिले. त्या सायंकाळी वेंब्लेवर तिरंगा वर चढला. यापूर्वीची तिन्ही पदके आपल्याच लोकांनी जिंकली होती, परंतु ती परक्या सत्तेच्या निशाणाखाली. स्वतःच्या निशाणाखाली मिळविलेले हे पहिलेच सुवर्णपदक होते.

अखेरच्या सामन्यातील चार गोलांत कर्णधाराचा एकही नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. आम्हांस यात उणेपणा दिसत नाही. ज्याची जागा कडेला आहे, त्याने कडेचे काम चोख केले म्हणजे मधल्यास गोल करता येतो. प्रतिपक्षाचे रक्षक त्याच्याकडे खेचले गेले नसते, तर मध्यभागी वाट मोकळी झाली असती काय? शाळेच्या नाटकात पडदा ओढणारा मुलगा, स्नेहसंमेलनात खुर्च्या मांडणारा मुलगा, घरी सर्वांस वाढून मागाहून जेवणारी माउली, ही सर्व राइट आउटच्याच जातीची माणसे होत. ती नसतील तर खेळ पुढे जात नाही, आणि असतात तेव्हा ती कोणास दिसत नाहीत.

विजयानंतर देशात मोठा जल्लोष झाला. १९२८ साली पहिला संघ मुंबईहून बोटीने निघाला तेव्हा त्यास निरोप देण्यास बंदरावर अवघी तीन माणसे आली होती, असे प्रसिद्ध आहे. वीस वर्षांत हा खेळ साऱ्या राष्ट्राच्या हृदयात जाऊन बसला होता. परंतु जल्लोष ओसरतो आणि रोजचे काम उरते. किशनलाल आपल्या रेल्वेत परत आले. नोव्हेंबर १९५१ मध्ये बी. बी. अँड सी. आय. रेल्वे इतर काही रेल्वेंबरोबर विलीन होऊन पश्चिम रेल्वे जन्मास आली. नाव बदलले, चर्चगेटची कचेरी तीच राहिली, आणि किशनलालही त्याच घरचे राहिले.

आता आम्ही त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धाकडे वळतो, आणि आमच्या मते तो पूर्वार्धापेक्षा कमी मोलाचा नाही. पाय थकले म्हणजे खेळाडूपुढे दोन वाटा असतात. एक जुन्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत बसण्याची, आणि दुसरी आपल्याजवळचे ज्ञान दुसऱ्यास देऊन टाकण्याची. किशनलाल यांनी दुसरी वाट धरली. ते रेल्वेच्या हॉकी संघाचे मुख्य शिक्षक झाले, आणि त्यांनी हे काम दीर्घकाळ केले. देशभरच्या रेल्वेंतून निवडलेला हा संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यांत त्या काळी अग्रगण्य गणला जात असे, व ते अजिंक्यपद त्याने अनेकवार पटकाविले.

खेळणे आणि खेळविणे या दोन अगदी निराळ्या विद्या होत. उत्तम खेळाडू उत्तम शिक्षक होतोच असे नाही. किंबहुना पुष्कळदा होतच नाही. जे आपणांस सहज साधले ते दुसऱ्यास का साधू नये, हे त्यास समजत नाही, आणि तो चिडतो. शिक्षकास स्वतः चेंडूस स्पर्श करता येत नाही. शिष्याच्या चुका होताना पाहाव्या लागतात, आणि जिंकल्यास श्रेय शिष्याचे व हरल्यास दोष गुरूचा, हा जगाचा न्याय सोसावा लागतो. परंतु राइट आउटच्या जागी आयुष्य काढलेल्या मनुष्यास ही शिस्त आधीपासूनच अंगवळणी पडलेली असते. मैदानात असताना तो बाजूच्या रेषेस लागून आतल्या अंगाने धावत असतो. शिक्षक झाला म्हणजे तो त्याच रेषेच्या बाहेरच्या अंगाला उभा राहतो. अंतर काय ते एका पावलाचे! चेंडू दुसऱ्यास द्यावयाचा, दुसऱ्याने गोल करावयाचा आणि आपण आनंद मानावयाचा, हे व्रत तेथेही तेच आणि येथेही तेच.

मुलांच्या मनात येथे एक प्रश्न येईल, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. सुवर्णपदक जिंकणाऱ्या कर्णधाराचे सरकारने काय कौतुक केले? भारत सरकारने किशनलाल यांस पद्मश्री हा किताब दिला. तो १९६६ साली, म्हणजे वेंब्लेच्या विजयानंतर अठरा वर्षांनी. त्यांच्या संघातील बलबीरसिंग व बाबू यांस तो त्यांच्याआधीच, १९५७ व १९५८ साली, मिळाला होता. हा विलंब का झाला, याची चिकित्सा आम्ही करीत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, या अठरा वर्षांत किशनलाल यांच्या कामात खंड पडला नाही. मान मिळेल या आशेवर जे काम चालते ते मान न मिळाल्यास थांबते; आवडीने चाललेले काम थांबत नाही.

त्यांच्या जन्मगावीही हॉकीची परंपरा पुढे चालू राहिली. १९३३ साली महू येथे जन्मलेले शंकर लक्ष्मण हे मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई. ते १९५६, १९६० व १९६४ या तिन्ही ऑलिंपिकांत हिंदुस्थानचे गोलरक्षक होते, आणि १९६६ साली बँकॉकच्या आशियाई सामन्यांत त्यांच्या नेतृत्वाखाली आपण सुवर्णपदक जिंकले. एकाच लहान छावणीने आघाडीचा कर्णधारही दिला आणि गोलरक्षक कर्णधारही दिला, ही त्या गावास भूषणावह अशी गोष्ट होय.

किशनलाल यांच्या डोळ्यांदेखत हॉकीचे रूपही पालटत गेले. १९६० साली रोम येथे पाकिस्तानने आपणांस हरविले व सुवर्णपदकांची अखंड माळ प्रथमच तुटली. १९६४ साली ते पदक परत आले. १९७६ साली माँट्रियल येथे ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि आपण पदकावाचून परतलो. ज्या टणक मातीवर किशनलाल यांची पिढी वाढली, ती माती आता थोर सामन्यांस उरली नाही. ३ डिसेंबर १९७९ रोजी ध्यानचंद गेले. त्यानंतर सहा-सात महिन्यांनीच, जून १९८० मध्ये, किशनलाल यांनीही मद्रास येथे देह ठेवला. महू आणि मुंबई या दोन्ही घरांपासून दूर, परंतु हॉकीच्याच सामन्यांच्या निमित्ताने ते तेथे गेलेले असताना त्यांस मृत्यू आला, असे सांगतात. वय त्रेसष्ट वर्षांचे होते.

त्यानंतर जे घडले ते पाहण्यास ते असावयास हवे होते, असे आम्हांस राहून राहून वाटते. २९ जुलै १९८० रोजी मॉस्को येथे हिंदुस्थानने ऑलिंपिक हॉकीचे सुवर्णपदक पुन्हा मिळविले. प्रतिपक्ष होता स्पेन, ज्याच्याशी किशनलाल यांच्या संघाची १९४८ साली गाठ पडली होती. आणि कर्णधार होते वासुदेवन भास्करन, ज्या शहरी किशनलाल यांनी शेवटचा श्वास घेतला त्याच मद्रासचे. एका महिन्याच्या अंतराने त्यांस हा आनंद हुकला. परंतु राइट आउटच्या जीवनात असे होतच असते. चेंडू देऊन तो पुढे धावत रेषेपलीकडे निघून जातो, आणि गोल त्याच्या पाठीमागे होतो.

आमच्या शाळेत दर वर्षी आपण मोहरांचा दृष्टांत ऐकतो. धन्याने सोपविलेले द्रव्य एकाने भिऊन जमिनीत पुरून ठेवले, आणि इतरांनी ते व्यवहारात घालून वाढविले. किशनलाल यांस मिळालेले द्रव्य म्हणजे वेगवान पाय, तीक्ष्ण नजर आणि चेंडू देण्याची कला. युद्धाने त्यांची आठ-नऊ वर्षे नेली, तरी त्यांनी ते द्रव्य पुरून ठेवले नाही. कीर्ती मिळाली तेव्हा स्वतःसाठी साठविले नाही. आणि पाय थकले तेव्हा पुढच्या पिढीच्या हाती मोजून दिले.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी फार थोडे सेंटर फॉरवर्ड होतील. वर्गात पहिला येणारा एकच असतो, आणि ढाल हाती घेऊन छायाचित्रात मधोमध बसणाराही एकच. बाकीच्यांस जगाच्या मैदानावर कुठे ना कुठे कडेची जागा मिळावयाची आहे. ती मिळाली असता खट्टू होऊ नका. पुढच्या वेळी चर्चगेटला उतराल तेव्हा क्षणभर थांबून स्मरण करा की, या रेल्वेच्या एका चाकरमान्याने कडेच्या जागेवरून सगळ्या संघास वेंब्लेच्या विजयापर्यंत नेले. आणि पालकांस आमचे नम्र सांगणे एवढेच की, मुलगा मैदानावरून धुळीने माखून घरी आला, तर त्याने किती गोल केले हे विचारण्याआधी त्याने चेंडू कोणास दिला हे अवश्य विचारावे.